जेरुसलेमच्या वेषातलं मातेरा

प्रिय श्रीधर,

मातेराहून लिहितोय. फिल्म क्लबात आपण इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीचा ख्रिस्तावरचा १९६४चा चित्रपट पाहिला, ती रात्र आठवते? बाहेर पडताना तू म्हणालास, ‘एकदा जेरुसलेमला जायला हवं.’ अरे, पडद्यावर होतं ते हे गाव. इटलीच्या दक्षिणेला, बासिलिकाता प्रांतात, ग्राविना ओढ्याच्या खोल घळीच्या काठावर डोंगर पोखरून वसलेलं. पाझोलिनी आधी पॅलेस्टाइनलाच गेला होता जागा हेरायला. तिथं त्याला सगळं फारच आधुनिक झालेलं दिसलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं जेरुसलेम त्याला इथं सापडलं.

ते इथं का सापडलं, हे मात्र त्या रात्री आपल्या दोघांच्याही मनात आलं नाही. काल आलं.

खडकातल्या या वस्त्यांना सास्सी म्हणतात, म्हणजे नुसतेच दगड. उतरत गेलो की कळतच नाही, आपण वाटेवर आहोत की कुणाच्या छपरावर. खाली वीको सोलितारियो नावाच्या गल्लीत एक गुहा पूर्वीसारखी मांडून ठेवली आहे. तिथं मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. अख्खं घर म्हणजे एक खोली. मागच्या अंगाला खेचराची जागा. पलंग चांगलाच उंच, कारण त्याखाली कोंबड्या. तान्ह्या मुलाला कपाटाचा खण ओढून त्यात निजवायचे. पावसाचं पाणी साठवायला खडकातच टाकं. माणसं, जनावरं, धूर, ओल, सगळं एका छताखाली, आणि उजेड काय तो दारातून येईल तेवढाच.

इटालियन लेखक कार्लो लेवीच्या १९४५च्या पुस्तकात त्याची बहीण इथून जाते, तेव्हा पोरं तिच्यामागे धावतात आणि क्विनाइन मागतात. खाऊ नाही, पैसे नाहीत, हिवतापाचं औषध! ते वाचून देश हादरला. मातेराला राष्ट्राची लाज म्हटलं गेलं. १९५२ साली कायदा झाला आणि सुमारे पंधरा हजार माणसं इथून उठवून नव्या वसाहतींत नेली. पाझोलिनी आला तेव्हा हे उठवणं सुरू होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. त्याला जे प्राचीन दिसलं, ते या माणसांचं कालपरवापर्यंतचं राहणं होतं.

पुढे तर रांगच लागली. मेल गिब्सनच्या २००४च्या चित्रपटात ख्रिस्तानं इथल्याच पायऱ्यांवरून क्रूस वाहून नेला, २०१६चा ‘बेन-हर’ही इथं झाला. दर वेळी गाव जेरुसलेमच्या वेषात. २०२१च्या जेम्स बाँडपटात मात्र मातेराला मातेराच म्हटलं गेलं. पण तो ज्या पुलावरून उडी मारतो, तो पूल इथला नाही, शेजारच्या पुल्या प्रांतातल्या ग्राविना नावाच्याच गावचा. म्हणून मला खरी आपली वाटली ती राई या इटलीच्या सरकारी वाहिनीची ‘इम्मा तातारान्नी’ ही मालिका. नवरा, मुलगी, घर सांभाळणारी सरकारी वकील याच गावात गुन्ह्यांचा छडा लावते. २०१९पासून निदान टीव्हीवर तरी हे गाव स्वतःच्या नावानं नांदतंय.

कॅमेऱ्यानं या गावाचं भलंच केलं, हे मला मान्य आहे. १९९३ साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं, ओस पडलेल्या गुहांत पुन्हा दिवे लागले. मी उतरलोय तीही गुहाच आहे, स्वच्छ, पांढरी, उबदार. तरी रात्री झोप लागेना. इथं कुणाचा खण होता, कुणाचं खेचर, हेच डोक्यात फिरत राहिलं.

पुढच्या महिन्यात तू क्लबात तो चित्रपट पुन्हा लावतोयस ना? माझं एक ऐक. सुरू करण्याआधी पाच मिनिटं घे आणि त्या खोलीबद्दल सांग. आणि गर्दीचे प्रसंग आले की ख्रिस्ताकडे नको, मागे उभ्या असलेल्या बायाबापड्यांकडे बघ. ते नट नाहीत. पाझोलिनीनं गावातलीच माणसं उभी केली होती. मी तो चित्रपट चार वेळा पाहिला, पण त्यांच्यातला एकही चेहरा मला आठवत नाही, याचं फार वाईट वाटतंय.

सोबत त्या पलंगाचा फोटो पाठवतोय. खालची कोंबड्यांची जागा नीट आलेली नाही, आत अंधार होता.

तुझा,
मिलिंद