गोठ्याचा लाभ, निरशा दुधाचा धोका

महोदय,

शेतावर वाढणाऱ्या मुलांना दमा आणि अ‍ॅलर्जी कमी होते, अशा आशयाचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असून, त्याच्या शेवटी ‘म्हणून बाळाला गाईचे निरसे दूध द्या’ असा सल्ला जोडलेला आहे. ओळखीतल्या दोन तरुण मातांनी तो मला दाखवून ‘देऊ का, डॉक्टरकाका?’ असे विचारले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मजकुरातले पहिले विधान संशोधनाला धरून आहे. सल्ला मात्र बाळाच्या जिवावर बेतू शकणारा आहे.

ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथील ग्रामीण भागातल्या ८१२ मुलांची पाहणी २००१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वयाच्या पहिल्याच वर्षात ज्यांचा गोठ्याशी आणि शेतावरच्या दुधाशी संबंध आला होता, त्यांच्यात दम्याचे प्रमाण १ टक्का होते. तोच संबंध एक ते पाच या वयात आलेल्या मुलांत ते ११ टक्के निघाले. गरोदरपणी आई गोठ्यात काम करत असेल तर त्याचाही मुलाला लाभ होत असावा, असे याच पाहणीत आणि पुढील अभ्यासांत दिसले. आठ वर्षांच्या मुलाला दोन दिवस कृषी पर्यटन केंद्रात नेऊन आणणाऱ्या पालकांनी ही वयाची अट अवश्य लक्षात घ्यावी.

दुधाचा प्रश्न समजून घेण्यासाठी अमेरिकेतील अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना मला सर्वांत उपयोगी वाटते. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचेही पूर्वज युरोपातून आलेले. दोन्हीकडे कुटुंबे मोठी, मातांचे स्तनपान दीर्घकाळ, लसीकरण चांगले आणि आहारात निरसे दूधही. तरीही अमिश शाळकरी मुलांत दमा सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के. फरक होता तो शेतीच्या पद्धतीत. अमिश लोक घोड्यांनी नांगरतात, त्यांच्या गाई घराजवळच्या गोठ्यात असतात आणि मुले लहानपणापासून तेथे वावरतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यंत्रांवर चालणारी आहे. अमिश घरांतील धुळीत जिवाणूंपासून येणारे एंडोटॉक्सिन जवळपास सातपट आढळले, आणि ती धूळ हुंगवलेल्या उंदरांना दम्यासारख्या विकारापासून संरक्षण मिळाले. निरसे दूध दोघांच्याही घरात असताना दम्यात एवढी तफावत पडते, यावरून गोठ्यातल्या सूक्ष्मजीवांचा वाटा किती मोठा असावा, हे ध्यानात येते.

युरोपातील काही पाहण्यांत न उकळलेल्या दुधाचा स्वतंत्र लाभही दिसला आहे, हे मी लपवत नाही. परंतु ते बाळांना पाजा, अशी शिफारस त्या संशोधकांनीही केलेली नाही, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. माझ्याकडे एकदा सहा वर्षांचा मुलगा आला होता. तीन आठवडे ताप चढत-उतरत होता, रात्री अंथरूण घामाने भिजत होते आणि उजवा गुडघा सुजल्यामुळे वडिलांनी त्याला खांद्यावरून आणले होते. अंगात ताकद यावी म्हणून आजी रोज सकाळी शेळीचे धारोष्ण दूध पितळी पेल्यात काढून देत असे. तपासणीत ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांच्या निरशा दुधातून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार, निघाला. मुलगा बरा झाला, पण सहा आठवड्यांच्या औषधानंतर. गोवंशीय क्षयाचे जंतूही याच वाटेने पोटात जातात.

गोठ्यात काम करणाऱ्या आईने जवळच झोळी बांधून बाळाला निजवले, तर मी तिला अडवणार नाही. जनावरांत रोग नसावा आणि बाळाचे लसीकरण पूर्ण असावे, एवढेच सांगेन. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे घरात येणारे कोणतेही दूध उकळूनच द्यावे. आपल्या वृत्तपत्राने या संशोधनाची बातमी पुन्हा छापताना दूध उकळण्याची सूचना त्याच चौकटीत, ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ, जि. सातारा