अस्वलाचे सुटलेले पोट

प्राणिसंग्रहालयांतील लठ्ठ प्राण्यांवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. अमेरिकेतील काळ्या अस्वलाचे सप्टेंबरमधले छायाचित्र छापून पिंजऱ्यातल्या अतिखाण्यावर ठेवलेला ठपका मात्र पटला नाही. पानगळीच्या तोंडावर तिथले रानातले अस्वलही ओकच्या फांद्या ओढून फळे ओरबाडते, दिवसाला २० हजार कॅलरींपर्यंत खाते. पुढे कडक थंडीच्या भागात शीतनिद्रेत, म्हणजे हिवाळ्यातल्या लांब झोपेत, महिनोन्‌महिने अन्नपाणी बंद! मादीच्या अंगावर पुरेशी चरबी नसेल, तर उन्हाळ्यात फलित झालेले बीज नोव्हेंबरच्या सुमारास गर्भाशयात रुजतच नाही. (आपले मेळघाटातले अस्वल शीतनिद्रा घेत नाही, म्हणून आपल्याला हे पोट खटकत असावे.) बंदिस्त अस्वलाची हेळसांड शोधायचीच, तर हिवाळ्यात त्याला अंधारी गुहा, अंथरायला गवत आणि शांतता मिळते का, हे आधी पाहावे.

– एक वाचक, अमरावती