रोहन, चर्च कशाला हवं असं विचारलंस ना

प्रिय रोहन,
सलाम.

पोचल्याचा नुसता अंगठा पाठवलास व्हॉट्सॲपवर, जेवलास का ते काही नाही. असो. चर्चबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

रविवारी कमिटीसमोर तू बोललास ते खोटं नव्हतं. जागेवरून दोन गट, कोर्टात केस, आणि उपदेश प्रीतीचा. पप्पा चिडले ते सगळ्यांदेखत बोललास म्हणून. मला तर जरा अभिमानच वाटला, त्यांना सांगू नकोस. पण गाडी काढताना म्हणालास ना, जगाचं एवढं वाटोळं झालंय त्यात चर्च कशाला हवंय, ते काही डोक्यातून जाईना.

तिथे रविवारी करतोस काय? फ्लॅटवर एकटाच?

माझ्या आजीची आई केडगावची, आपल्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून पोरी घेऊन आल्या, त्यातली ती एक. गाव कुठलं, आईबाप कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. आजी सांगायची, म्हातारपणी पण उशाशी भाकरी ठेवल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. केडगावला रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्या पोरी विणकाम शिकल्या, शेती केली, रमाबाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं, आणि रमाबाईंनी मराठीत केलेलं अख्खं बायबल तिथल्या बायकांनीच अक्षरांचे खिळे जुळवून छापलं. आपल्या घरी मुलींना शिकवायचं की नाही हा प्रश्न कधी आलाच नाही तो तिथूनच, नीतूताईला विचार.

आणि रमाबाई काय होला हो करणाऱ्या होत्या का? 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच सिस्टरांशी पत्रांतून वाद घातले, कुठल्या एका पंथाच्या दावणीला बांधून घेतलं नाही. पण एकट्या नाही बसल्या रे. मला विचारशील तर ज्याचं कुणी नाही त्याला चार माणसं मिळावीत, चर्चचं काम एवढंच, वर्गणी न् इलेक्शन सगळं नंतरचं, आणि तेच विसरलेत असं वाटत असेल तर तुझ्यासारख्यांनी समोर बसून ऐकवायला पाहिजे, उठून जाऊन काय होणार, जे उरतात ते आणखीच... बघ, झालं माझं प्रवचन सुरू. सॉरी बाळा.

पप्पांच्या बायपासला चर्चच्या महिला मंडळाच्या बायका पाळी लावून डबा आणायच्या, आठवतं? त्यातल्या दोघी बाहेर जाऊन आपल्याच घराबद्दल काय काय बोलल्या तेही मला माहितीये. पण डबा चुकला नाही एक दिवस.

मागच्या पावसाळ्यात तुला डेंग्यू झालेला आम्हाला तू बरा झाल्यावर सांगितलास. तेव्हा पाणी कोण देत होतं तुला? मी विचारलं नाही, भीती वाटली. चार रात्री झोपेत तेच यायचं.

आता तुला चर्चला जा म्हणणार नाही. कापणीच्या सणाला ये पण, लिलावात पप्पांनी पुन्हा दुप्पट भावात भोपळा घेतला तर घरी मलाच खायला लागतो.

चटणी बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहे, तेल सांडलंय का बघ. आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचा नंबर पाठव. मी उगाच फोन करणार नाही त्याला.

तुझी,
आई