पहिल्या क्रमांकाची कुस्ती आणि अंधारी लेन्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यात्रांचा हंगाम आला की कुस्ती मैदाने, बैलगाडा शर्यती, कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटचे फोटो वर्तमानपत्रांतून दिसू लागतात. त्यांतले बरेच आता गावातलीच मुले काढतात. मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात खेळाच्या फोटोंसाठी म्हणून जो पहिला कॅमेरा घेतला जातो, तो बहुतेक वेळा या कामाचा नसतो. दुकानात पहिला प्रश्न ‘किती मेगापिक्सेल?’ असा असतो आणि १८-५५ व ५५-२५० मि.मी. अशा दोन झूम लेन्सची (मि.मी.चा आकडा जितका मोठा, तितके दृश्य जवळ) डबल किट पिशवीसकट घरी येते. तेवढ्याच पैशांत याहून कितीतरी कामाची जोडी जमते, म्हणून हे पत्र.

कुस्तीचे मैदान दुपारी सुरू होते. लहान गटांच्या कुस्त्या उन्हात होतात, तोवर कोणताही कॅमेरा चालतो, चांगला मोबाईलसुद्धा. पण मोठ्या इनामाच्या, पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीची सलामी झडते तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि हौद्यावर फक्त खांबावरचे दिवे असतात. ज्या फोटोसाठी सगळा खटाटोप, तो अशा उजेडात काढायचा असतो. कॅमेरा निवडायचा तो या वेळेचा विचार करून.

त्यात थोडे गणित आहे. किटमधली ५५-२५० लेन्स पूर्ण ताणली की तिचे तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे). ८५ मि.मी.ची साधी फिक्स (झूम न होणारी) लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. दोन्हींत येणाऱ्या उजेडात जवळजवळ दहा पटींचा फरक आहे. म्हणजे १/५०० सेकंद शटरवर (शटर उघडे राहण्याचा वेळ) एफ ५.६ला जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १२८०० लागतो, तिथे एफ १.८ला १२५० ते १६०० पुरतो. बारा हजारांवर चेहऱ्यावरची माती आणि वाढवलेल्या आयएसओमुळे फोटोत उमटणारे रवे यांत फरक कळत नाही. शटर खाली आणून हे टाळावे म्हटले, तर सेकंदाला ८ मीटर धावणारा खेळाडू १/२५० सेकंदात ३ सेंटिमीटर सरकतो आणि हातपाय पुसट येतात. लेन्समधले स्टॅबिलायझेशन इथे कामाचे नाही. ते आपल्या हाताचे कापणे थोपवते, पैलवान मात्र त्याच्या गतीनेच हलत राहतो. फ्लॅशचा विचारही नको. कुस्तीगीर आणि पंच यांच्या डोळ्यांवर तो मारणे बरे नव्हे, आणि चार फोटोंनंतर तो भरायला वेळ घेतो ते वेगळेच.

म्हणून खिशात जेवढे पैसे असतील त्यातले निम्मे लेन्सला ठेवा. भाव सतत हलतात, त्यामुळे इथे आकडे देत नाही, पण हे प्रमाण सोडू नका. हौद्याला लागून, सात-आठ मीटरवर जागा मिळत असेल तर ५० मि.मी. एफ १.८ पुरे. कॅननच्या छोट्या सेन्सरवर (एपीएस-सी) ती ८ मीटरवर साडेतीन मीटर रुंद दृश्य घेते, दोन्ही पैलवान मोकळे बसतात. गर्दीच्या मागे १२ मीटरवर उभे राहावे लागत असेल तर ८५ मि.मी. घ्या, तिथे ती सव्वातीन मीटरच्या आसपास रुंदी देते. कॅननची ८५ एफ १.८ यूएसएम फोकसलाही ५० एसटीएमपेक्षा चपळ आहे (यूएसएम आणि एसटीएम ही लेन्समधल्या फोकस मोटरींची नावे). एफ १.८ उघडी ठेवून ८ मीटरवर ८५ने फोटो काढलात तर स्पष्टतेची खोली जेमतेम ६० सेंटिमीटर असते. एक पैलवान पुढे आणि दुसरा मागे असेल तर मागचा धूसर होतो. थोडा उजेड असेल तर एफ २.२ वर या, १५ सेंटिमीटर जास्त मिळतात. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. तिथे शेवटच्या रेषेमागून, चढाई करणारा समोरून येताना ८५ चांगली बसते.

किटमधली ५५-२५० फेकून द्यायची असा अर्थ नाही. दिवसा, मोकळ्या मैदानावर तिच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी लेन्स दुसरी नाही. कडक उन्हात एफ ५.६ला १/१६०० सेकंद शटर आयएसओ २०० वर मिळते. सीमारेषेवरून, ६० मीटर अंतरावर, २५० मि.मी.ला फलंदाज चौकटीच्या निम्म्या उंचीचा येतो. चेंडू ताशी १०० किलोमीटरने येत असेल तर १/१००० सेकंदात तो पावणेतीन सेंटिमीटर सरकतो, म्हणून क्रिकेटला १/१६०० किंवा १/२००० लागते. बैलगाड्याला समोरून १/१२५०, बाजूने कॅमेरा गाडीबरोबर फिरवत काढायचा असेल तर १/६० ते १/१२५. आणि धावपट्टीच्या रेषेत उभे राहू नका. जोडी बुजून बाहेर वळली की २५० मि.मी.मधून अंतराचा अंदाज येत नाही.

आता बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. कॅनन १५००डी सगळ्यात स्वस्त म्हणून खपते. ती सेकंदाला ३ फोटो काढते आणि तिच्या ९ फोकस बिंदूंपैकी फक्त मधला क्रॉस प्रकारचा आहे. क्रॉस बिंदू आडव्या आणि उभ्या दोन्ही कडा पकडतो, बाकीचे एकच. लाल मातीत माखलेला देह आणि मागे तीच लाल माती, यात कडा आधीच कमी असतात, त्यामुळे साधे बिंदू पुढे-मागे भटकत बसतात. या पैशांत वापरलेली, पण वरच्या वर्गातली बॉडी घेणे केव्हाही चांगले. कॅनन ८०डी (२०१६) : ४५ बिंदू, सगळे क्रॉस, सेकंदाला ७ फोटो. कॅनन ७डी मार्क टू (२०१४) : ६५ बिंदू, सगळे क्रॉस, सेकंदाला १०. निकॉन डी७२०० (२०१५) : ५१ बिंदू, सेकंदाला ६. निकॉन डी५०० उत्तमच, १५३ बिंदू आणि सेकंदाला १० फोटो, पण तिच्या एका खाचेत एक्सक्यूडी कार्ड लागते, ते महाग आहे आणि लहान गावात मिळत नाही. दुसऱ्या खाचेत साधे एसडी चालते, हे लक्षात असू द्या.

निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत फोकस मोटर नाही. स्वस्तात मिळणारी जुनी ८५ एफ १.८डी किंवा ८०-२०० एफ २.८डी त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाही, हाताने रिंग फिरवावी लागते. डी७२०० मध्ये मोटर आहे.

नवीच आणि मिररलेसच (आत आरसा नसलेली) हवी असेल तर कॅनन आर१० (२०२२) या कामाला योग्य, यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ फोटो. तिच्याबरोबर येणाऱ्या झूमच्या भरवशावर मात्र राहू नका. आरएफ-एस ५५-२१० तर एफ ७.१ पर्यंत खाली जाते, म्हणजे दिव्याखाली ५५-२५० पेक्षाही अंधारी. त्यापेक्षा अ‍ॅडॅप्टर घेऊन जुनी ईएफ (कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीची) ८५ लावा, फोकस व्यवस्थित चालतो. आज ८०डी आणि ईएफ ८५ घेतलेल्याला पुढे आर१० घेताना लेन्स विकावी लागत नाही, हा त्यातला फायदा. इलेक्ट्रॉनिक शटरवर वेग आणखी वाढतो, पण वेगात फिरणारी बॅट वाकडी दिसते आणि दिव्याखाली फोटोवर पट्टे उमटतात. हे शटर बंदच ठेवा.

पट्ट्यांवरून दिव्यांचा विषय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे हॅलोजन आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा तेजाळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० सेकंदाच्या फोटोला ते नेमके कळते : सलग सहा फोटोंत दोन उजळ, दोन पिवळट, दोन काळपट. मुले याला कॅमेऱ्याची खराबी समजतात. ८०डी, ७डी मार्क टू, आर१० आणि डी५०० यांत अँटी-फ्लिकर सोय आहे. दिवा तेजाळतो तो क्षण पाहून कॅमेरा शटर सोडतो. सलग फोटोंचा वेग थोडा घटतो, पण सगळे फोटो सारखे येतात. कॅनन ७०डी (८०डीच्या आधीची) आणि डी७२०० मध्ये फोटोसाठी ही सोय नाही. रात्रीची मैदाने हेच ज्याचे काम, त्याने दोन पैसे जास्त देऊन ८०डी घ्यावी, असे आमचे मत याच एका कारणासाठी आहे.

मेगापिक्सेलचा प्रश्न एकदाचा मिटवू या. वर्तमानपत्रात १७ सेंटिमीटर रुंद फोटो छापायचा तर इंचाला २०० ठिपके धरून सुमारे १३४० पिक्सेल लागतात. ८०डीचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे त्यातली फक्त पाव रुंदी वापरली तरी छपाईला पुरते. गल्लीच्या तोंडाला लागणाऱ्या दहा फुटी अभिनंदनाच्या फ्लेक्सलाही पूर्ण फोटो वापरला तर इंचाला ५० पिक्सेल मिळतात, रस्त्यावरून पाहायला तेवढे भरपूर. यापेक्षा जास्त मेगापिक्सेलसाठी पैसे देण्याचे कारण नाही.

वापरलेली बॉडी घेताना लग्नसराईत झिजलेली ओळखायला शिका. वरच्या फ्लॅशच्या खाचेचा रंग उडालेला, रबर सैल, मागची चाके गुळगुळीत, तर ती बॉडी दोन-तीन हंगाम मांडवात उभी होती असे समजा. शटर किती वेळा पडले ते पाहा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या एक्झिफ माहितीत (फाइलमध्ये आपोआप नोंदलेल्या तपशिलांत) सापडतो, कॅननला बहुतेक वेळा केबल लावून संगणकावरून वाचावा लागतो. कंपनीने दिलेले शटरचे आयुष्य ८०डीचे १ लाख, डी७२००चे दीड लाख, ७डी मार्क टू आणि डी५००चे २ लाख आहे. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ला, फोकस बिघडवून फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या. शेवटी मित्राला दुचाकीवरून सरळ आपल्याकडे यायला सांगा, वीस-तीस फोटो सलग काढा आणि त्यातले स्पष्ट किती ते मोजा. विकणारा याला नको म्हणत असेल तर तिथून निघा. बिलावरचा क्रमांक आणि बॉडीखालचा क्रमांक जुळला पाहिजे.

मैदानावर कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. मागची काळी गर्दी पाहून ऑटो कॅमेरा पैलवानाला पांढराफटक करतो. शटर कुस्तीला १/५००, कबड्डीला १/६४०, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ दिवे लागल्यावर एकदा ठरवून टाका. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा समतोल) दिव्यांखाली पांढऱ्या कागदावर बसवून घ्या, लाल मातीने ऑटो फसतो आणि अंगाचा रंग निळसर येतो. फोकस हलत्या विषयामागे सतत जाणारा ठेवा : कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉनमध्ये एएफ-सी, मधला बिंदू किंवा लहान गट. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर द्या. कुस्तीत पंच मधे येतातच. अंगठा उचलला की फोकस पैलवानावरच राहतो, पंचाच्या पाठीवर जात नाही. बिंदू डोक्याच्या केसांवर किंवा लांगेच्या कडेवर धरा, उघड्या पाठीवर फोकसला पकडायला काही नसते. ढाक हा फेकीचा डाव लागतो तेव्हा शरीर हवेत असण्याचा काळ अगदी थोडा, म्हणून बगलेत हात शिरलेला दिसताच बटण दाबायला सुरुवात करा. घिस्सा या जमिनीवरच्या डावाला उभे राहून काढलेल्या फोटोत नुसत्या पाठी येतात, तिथे कॅमेरा मातीच्या पातळीवर आणा.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) काढाल तर लांब सलग मालिकेत कॅमेऱ्याची साठवण भरते आणि नेमक्या निकालाला तो थांबतो. वर्तमानपत्रासाठी जेपीईजी पुरे. कार्ड व्ही३० (कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेले, ६४ जीबीची दोन घ्या.

लेन्स हौद्याशेजारी बदलू नका. एकमेकांवर टाकलेली माती हवेत बराच वेळ राहते आणि सरळ सेन्सरवर बसते. पावसाळ्यात, खानापूर-जांबोटीकडे विशेष, कॅमेरा पिशवीत ठेवला तर बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक घ्या, काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या. निळे खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्यात कोबाल्ट असते. तांदळात कॅमेरा ठेवायचा उपाय करू नका, पीठ आत जाते.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्याचा आकार आणि दर्जा दोन्ही घटतात, मग वर सांगितलेल्या सगळ्या खर्चाचा उपयोग राहत नाही. वार्ताहरांना आणि वाचकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मूळ आकारात पाठवायला सांगणारी दोन ओळींची सूचना क्रीडा पानावर छापावी. सोबत दोन्ही मल्लांची नावे, तालीम, डाव आणि फोटो काढणाऱ्याचे नावही मागवावे.

आपले,
मैदानांवर फोटो काढणारे काही वाचक
बेळगाव व खानापूर