ताटावरून उठलास म्हणून

ता. लाखांदूर, जि. भंडारा
22 नोव्हेंबर

चि. बाबूस,

आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन झाला तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे. फोनवर बोलावं तर नेटवर्क दोन मिनिटं धड टिकत नाही, म्हणून लिहायलाच बसले. तुझे बाबा कागदाचे फोटो काढून पाठवतील.

तिकडे व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या खेड्यात सोबत्याच्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला गेलास. चटईवर सगळे गोल बसले, मधे परात, परातीत वाट्या, आणि एका थाळीत गोठलेलं लालभडक रक्त, वर शेंगदाण्याचा कूट आणि हिरवा पाला. ते कच्चं आहे हे कळल्यावर तू तोंडाला हात लावून उठलास, अंगणात गेलास, आणि मग जेवलाच नाहीस. मला म्हणालास, "आई, किती घाण खातात गं हे लोक." त्याच दमात बाजारात टांगलेली भाजलेली कुत्री, अंड्यातलं पिसं फुटलेलं बदकाचं पिल्लू, थायलंडच्या गाडीवरचे तळलेले नाकतोडे, सगळं सांगून टाकलंस. मी नुसती हं हं करत होते. फोन ठेवल्यावर डोळ्यांसमोर राहिली ती तुझ्या सोबत्याची आई. सासऱ्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक. पहाटे उठली असेल, आधी पितरांपुढे उदबत्ती लावून ताट ठेवलं असेल, जसं आपण पितृपक्षात कावळ्याला घास ठेवल्याशिवाय जेवत नाही. आणि परदेशातून आलेला पाहुणा तिच्या ताटावरून उठून गेला.

ते रक्त तू खाल्लं नाहीस हे बरोबर केलंस, हे आधी लिहिते. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई दुसरं काय सांगणार? कच्च्या डुकराच्या रक्तातून एक जंतू माणसात येतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, वाचलेल्या माणसाला कायमचं बहिरं करून जातो. तिथल्या डॉक्टरांना हे रुग्ण नवे नाहीत, ते स्वतःच लोकांना खाऊ नका म्हणून सांगतात. बदकाचं असेल तर बर्ड फ्लूची भीती. 2006 साली नवापूरला कोंबड्या मेल्या तेव्हा आपल्याकडे लोकांनी अंडीसुद्धा बंद केली होती, आठवतं का? तेव्हा कच्चं रक्त कोणी कितीही आग्रह केला तरी नको. पण रक्त म्हणून घाण, असं म्हणू नकोस. पूजेला बोकड कापला की आपल्या गावात रक्ती होतेच, कांदा-मिरची घालून, आणि तू लहानपणी तुझ्या काकाच्या ताटातून ती उचलून खायचास. फरक चुलीचा आहे. तेवढंच कारण धर.

आता दुसरं. तुझ्या धाकट्या आत्याला बघायला शहरातून पाहुणे आले होते, तू सहा वर्षांचा असशील. आजीने आदल्या रात्री लाखोळीची डाळ गरम पाण्यात भिजत घातली, ते पाणी फेकलं, सकाळी पुन्हा धुतली, पाट्यावर जाडसर वाटली, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून वडे केले. आपल्याकडे पाहुण्याला वडे म्हणजे मान. त्यातल्या एका गृहस्थाने वडा मोडला, आत बघितलं, विचारलं, "कशाची डाळ आहे ही?" आजीने कौतुकाने सांगितलं, आपल्या बांधीतली लाखोळी. त्याने एका बोटाने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "हिच्यावर सरकारची बंदी आहे. पाय जातात हिने. जनावरांचं खाद्य आहे हे."

तुला कदाचित आठवत नसेल. आजी काही बोलली नाही. ताट उचललं, मागच्या पडवीत गेली, खाली बसली आणि ते वडे मोजत राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, "मी का पाहुण्याले जहर घालीन का वो?" सोयरीक मोडली ती मोडली. पण त्यानंतर ती गेली तोवर तिने बाहेरच्या पाहुण्यासाठी वडे म्हणून केले नाहीत. घरात आमच्यासाठी करायची, कोणी आलं की झाकून ठेवायची.

तो गृहस्थ खोटं बोलला नव्हता. 1961 साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली, आणि तिच्यात एक विषारी द्रव्य असतं हेही खरं. दुष्काळात दुसरं काहीच नाही म्हणून महिनोन् महिने निव्वळ तीच डाळ, तिच्याच भाकरी खाल्ल्या तर पाय लुळे पडतात. मध्य प्रदेशातल्या रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची, त्यांचे पाय गेले. पण आपण भाताबरोबर वाटीभर खाणारे, भिजवून पाणी फेकून खाणारे. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी या डाळीसाठी वर्षानुवर्षं उपोषणं केली, आणि 2008 साली महाराष्ट्राने बंदी उठवली. आजीला ते कळलं असतं तर बरं झालं असतं. यंदाही कापणीच्या आधी उभ्या धानात लाखोळी फेकली होती, आता बोटभर वर आली आहे. धुऱ्यावर उभी राहून बघते तेव्हा मला हटकून ती पडवी आठवते.

त्या सोबत्याची आई तशीच कुठे मागे जाऊन बसली नसेल ना, एवढंच मला रविवारपासून वाटतं आहे.

मीही काही शहाणी म्हणून नोकरीला लागले नव्हते. 1989 साली माझी ड्युटी गडचिरोलीत भामरागडकडे होती. पर्लकोटा नदी चढली की पलीकडचं जग तुटायचं. तू पोटात होतास, चौथा महिना, अन्नावर वासना नाही, सकाळी उलट्या. लसीकरणाला एका माडिया आदिवासींच्या पाड्यावर गेले तर घरची म्हातारी माझ्या तोंडाकडे बघूनच समजली. पोराला झाडावर पाठवलं. त्याने पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं तोडून आणलं, टोपलीत झटकलं. मुंग्या धावत होत्या, त्यांच्यात पांढरी अंडी, तांदळाच्या कणीसारखी. म्हातारीने मीठ, मिरची, लसूण घालून दगडावर सगळं वाटलं आणि पळसाच्या पानावर चिमूटभर माझ्यापुढे धरलं. माझ्या अंगावर काटा आला. उठावंसं वाटलं. पण ती बाई पान धरून तशीच उभी होती, तिचा हात थरथरत होता वयाने, आणि मला तिला लसीसाठी हो म्हणायला लावायचं होतं. मी बोटाने चाटलं. आंबट, बाबू, इतकं स्वच्छ आंबट की लिंबू त्याच्यापुढे फिकं. मुंग्यांच्या अंगातल्या आम्लाचा आंबटपणा तो. त्या दिवशी दोन महिन्यांनी मी पोटभर भात खाल्ला. म्हणजे तूही खाल्लास. लाल मुंग्यांच्या अशाच चटणीला, ओडिशातल्या मयूरभंजच्या, 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला मिळालं आहे. पेपरात वाचलं तेव्हा ती म्हातारी आठवली. मी तिला नावही विचारलं नव्हतं.

सगळंच चाखायला पाहिजे असं मी म्हणत नाही. एका घरी मला घुशीचं मटण वाढलं होतं, ते मला जमलं नाही. मी पोटावर हात ठेवला, हात जोडले आणि भात मागून घेतला. दोनदा मागितला. घरचे खूश झाले, कोणाला वाईट वाटलं नाही. तुला त्या दिवशी एवढंच करायचं होतं.

त्याच परातीत लिंबाच्या पानाबरोबर परतलेले रेशमाचे किडे होते म्हणालास. त्यावर मी बराच विचार केला. आपल्याकडे ढीवर लोक ऐनाच्या झाडावर कोशाचे रेशीमकिडे पाळतात, आंधळगावला त्याचं कापड होतं. माझी कोशाची साडी मी सोवळं म्हणून नेसते, त्यात देवाचा नैवेद्य करते. तो धागा काढायला कोसा उकळतात, आतला जीव उकळत्या पाण्यात जातो. आपण धागा ठेवला आणि जीव फेकला. तिकडे रेशीम काढून झाल्यावर तो जीवही वाया घालवत नाहीत, पोराबाळांना परतून घालतात. यात घाण कोणाची म्हणायची? मला तरी बोलायला तोंड नाही.

कुत्र्याचं मात्र वेगळं लिहिते. मोत्या या क्षणी तुझ्या जुन्या चपलेवर मान टाकून झोपला आहे. ते मांस तू खाऊ नकोस, तिथे बसूही नकोस, आणि कोणी विचारलं तर सरळ सांग की आमच्या दारात कुत्रं राखणीला असतं, मला जमणार नाही. उत्तरेकडे चांद्र महिना संपताना दुर्दैव जावं म्हणून ते खातात असं तू सांगितलंस; त्यांची समजूत त्यांच्यापाशी. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. गावागावांतून लोकांची पाळलेली कुत्री रात्री चोरून नेतात, पिंजऱ्यात एकावर एक कोंबून कुठल्या कुठे नेतात. ज्याचं कुत्रं गेलं तोही व्हिएतनामीच माणूस आहे, तोही रडतो. त्यात रेबीज. तिथल्याच होई आन शहराने 2021 साली हा व्यापार हळूहळू बंद करायचं ठरवलं. दक्षिण कोरियाने जानेवारी 2024 मध्ये कायदा केला, 2027 पासून तिथे कुत्री मांसासाठी पाळणं, मारणं, विकणं गुन्हा होईल. त्यांचेच लोक भांडून हे घडवत आहेत. आणि तू "हे लोक" म्हणतोस तेव्हा नागालँड ध्यानात ठेव. तिथे सरकारने 2020 साली बंदी घातली, 2023 साली हायकोर्टाने ती रद्द केली. तेही आपलेच लोक.

आणि एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी तुला माफ करणार नाही. रानातलं जनावर. कोणी मोठा साहेब हॉटेलात नेऊन खास म्हणून खवल्या मांजर मागवेल, त्याचे खवले औषधी म्हणून सांगेल. ते खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, त्यात काही औषध नाही. आणि त्याचा माग थेट आपल्या दारापर्यंत येतो. आपल्या जंगलपट्ट्यात खवल्यांसकट माणसं धरल्याच्या बातम्या येतात. तो माल शेवटी चीन आणि व्हिएतनामकडेच निघालेला असतो. 2017 च्या जानेवारीपासून जगभर त्याचा व्यापार बंद आहे. तरी चालतो. तू लहान असताना नवेगावच्या रस्त्यावर बाबांनी मोटारसायकल थांबवून तुला ते दाखवलं होतं, चेंडूसारखं गुंडाळून पडलेलं. तू त्याला हात लावायला घाबरला होतास. तसं ताट समोर आलं तर खुशाल उठ, साहेब असो की कोणी असो. नोकरी गेली तरी इथे धान आहे.

आता काम सांगते. माझ्याकडे आंधळगावची कोशाची एक ओढणी आहे, नवी, घडी न मोडलेली. ती उद्या पार्सलने पाठवते. ती घेऊन पुढच्या सुट्टीत त्या खेड्यात जा. सोबत्याला सांगून जा, पण ओढणी त्याच्या आईच्याच हातात दे, दोन्ही हातांनी. तिच्या चुलीजवळ बस, भात मागून घे, दोनदा मागून घे. ते रेशमाचे किडे शिजलेले असतात, एखादा खाऊन बघितलास तर तुझी आई रागावणार नाही. ओढणीचा धागा कुठून येतो ते तिला सांग, तिला कळेल. ती काय म्हणाली ते मला फोनवर शब्दन् शब्द सांग.

तुझी,
आई

ता. क. कुत्र्याने जखमेवर चाटलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस घे. उद्यावर टाकू नकोस.