बंडूला पत्र: गणपतीतली शेवंती आणि काळं कापड

पुणे, २४ मे २०२६

प्रिय बंडू,

तुझा मेसेज वाचला, फोनवर सांगितलं असतं तर अर्धं राहून गेलं असतं म्हणून निवांत पत्रच लिहायला घेतलं. तू म्हणतोस, सासवडच्या गच्चीवर शेवंती रग्गड वाढते, पानं हिरवीगार, पण फूल बघायला मिळतं ते दिवाळीनंतरच, खत बदललं, माती बदलली, कुंड्या मोठ्या केल्या, तरी गणपतीत एक कळी नाही. आणि काकूंना गौरीला घरच्याच शेवंतीची वेणी घालायचीय. यंदा जमेल रे ते, नक्की जमेल, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत म्हणजे हातात भरपूर वेळ आहे. फक्त खताचा नाद सोड, तुझ्या झाडांना रात्र कमी पडतेय.

म्हणजे असं बघ. शेवंती ही लहान दिवसाची झाडं म्हणतात ना त्यातली. रात्र एका ठरावीक लांबीच्या पुढे गेली की कळी धरते, तोवर नुसती पानं आणि फांद्या काढत राहते. आपल्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण सहाला उगवतो आणि सव्वासातला मावळतो, म्हणजे सव्वातेरा तासांचा दिवस, त्यात पहाटेचं आणि संध्याकाळचं फटफटीत उजेडाचं जे काय असतं तेही झाड उजेडातच धरतं, म्हणजे झालेच पावणेचौदा. डिसेंबरात हाच दिवस अकरा तासांवर येतो. मधे सप्टेंबरात कुठेतरी दिवस-रात्र बरोबरीत येतात, बऱ्याचशा शेवंत्या तेव्हा कळी धरायला लागतात आणि मग फूल उमलायला पुढचे दोन महिने, म्हणून तुझी फुलं नोव्हेंबरात. हिशोब अगदी सरळ आहे.

आता मार्केट यार्डात गणपतीत शेवंती कुठून येते म्हणशील तर सगळ्या जाती सारख्या नसतात. काहींना जरा लांब दिवस चालतो, त्या आपल्या पुण्याच्या हवेत पावसाळ्यातही कळी धरतात, कारण आपला सगळ्यात मोठा दिवससुद्धा तिकडे युरोपात असतो तसा सोळा-सतरा तासांचा नसतोच मुळी. आपल्याकडचे काही शेतकरी तर उलटंच करतात, शेतात रात्री बल्ब लावतात. तो दिव्यांचा लखलखाट तू फोटोत पाहिला असशील, कुणाला वाटतं सजावट आहे, पण तो झाड लहान असताना कळी धरू नये म्हणून असतो, मध्यरात्रीच्या आसपास काही तास उजेड पाडायचा की झाडाला वाटतं रात्र संपली, मग ते उंच वाढतं, फांद्या काढतं आणि शेतकऱ्याला पाहिजे तेव्हा बल्ब बंद. आपल्याला यातलं दुसरं टोक पाहिजे, उजेड वाढवायचा नाही, अंधार वाढवायचा. त्याला काळं कापड.

हा शोध कसा लागला ते मला फार आवडतं म्हणून सांगतोच. अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड म्हणून दोघं शास्त्रज्ञ होते, त्यांच्याकडे तंबाखूची मेरीलँड मॅमथ नावाची जात होती, उन्हाळ्यात माणसाच्या डोक्याच्या वर जायची पण फूल काही देईना, आणि हिवाळ्यात काचघरात तीच जात छोटी असतानाच फुलायची. त्यांनी तापमान, पाणी, खत सगळं तपासलं आणि शेवटी १९१८ च्या जुलैत झाडं रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात ढकलायची आणि सकाळी बाहेर काढायची असं सुरू केलं. झाडं भर उन्हाळ्यात फुलली! १९२० मध्ये त्यांनी ते छापलं. म्हणजे तू गच्चीवर जे करणार आहेस ते शंभर वर्षांपूर्वी त्यांनी कुंड्या उचलून उचलून केलेलं आहे. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवून दिलं की झाड दिवस मोजतच नाही, ते रात्र मोजतं, आणि तीसुद्धा सलग. मधेच थोडा वेळ उजेड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि शेवंतीवरच केलेला एक प्रयोग आहे, रशियात चैलाख्यान यांचा, १९३० च्या दशकातला. त्यांनी झाडाच्या शेंड्याकडची पानं काढली, खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि वरच्या उघड्या शेंड्याला उजेडात ठेवलं, तरी शेंड्याला फुलं आली. म्हणजे रात्र कळते ती पानांना, शेंड्याला नाही, पानातून काहीतरी निरोप वर जातो. तो निरोप नेमका काय ते कळायला २००७ उजाडलं, एक प्रथिन निघालं, पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत जाणारं. हे तुला एवढ्यासाठी सांगतोय की कापड नुसतं वरून टोपीसारखं टाकून उपयोग नाही, खालच्या पानांवर बाजूने उजेड आला की झालं, कापड जमिनीला टेकलंच पाहिजे.

इंटरनेटवर काळं कापड टाकून फुलं लवकर आणणं शोधलंस तर निम्मी माहिती परदेशातल्या गांजाच्या शेतीचीच निघते. तत्त्व तेच आहे, तोही लहान दिवसाचा, तिकडे ऑक्टोबरच्या पावसाआधी पीक काढायला तेच ताडपत्रीचे मांडव वापरतात. आपल्याकडे ती लागवड १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जायचं नाही, आणि त्यांचं वेळापत्रकही शेवंतीला जसंच्या तसं लावायचं नाही, शेवंतीचा जीव वेगळा आहे.

आता कामाचं. तुझ्या काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या मुळाशी फुटलेली रोपं, एप्रिलात लावल्यास म्हणालास, म्हणजे आता वीतभर झाल्या असतील. आत्ता एकदा शेंडा खुड, फक्त वरची दोन-तीन पानं असलेलं टोक, मग बाजूने फुटवे येतील, त्यांचा परत एकदा जूनच्या २० तारखेच्या आसपास शेंडा खुड आणि त्यानंतर हात लावायचा नाही. फुटव्यांना दोन आठवडे वाढायला द्यायचे आणि ५ जुलैच्या सुमारास अंधार सुरू. तिथून १४ सप्टेंबरपर्यंत साधारण दहा आठवडे होतात. शेवंतीला अंधार सुरू केल्यापासून फुलं यायला जातीप्रमाणे आठ ते अकरा आठवडे लागतात, तेव्हा तुझ्याकडे कुंड्या आहेत याचा फायदा घे, सगळ्या एकदम आत घालू नकोस, काही जूनच्या शेवटी, काही ५ जुलैला, काही १२ ला, म्हणजे गणपती ते गौरी आणि पुढे अनंत चतुर्दशीपर्यंत कुठलीतरी उमललेली असेलच. दोन-तीन कुंड्या बाहेरच ठेव, त्या नेहमीसारख्या नोव्हेंबरात येतील, फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघशील.

सांगाड्यासाठी बांबू बुरुड आळीतून आणू, पीव्हीसी पाइपपेक्षा मला बांबूच बरा वाटतो, वाऱ्यात पाइप लवलव करतो आणि तुझी गच्ची तशी उघडीच आहे. उंची झाडापेक्षा हातभर जास्त ठेव कारण झाडं अजून वाढणार. कापड रविवार पेठेत मिळेल, काळं, घट्ट विणीचं, आणि दुहेरीच घे, एकेरी कापड डोळ्यांना काळं दिसतं पण उन्हात धरलं की चाळणी. शिवताना शिवणीतून उजेड येतो तिथे पट्टी लाव. काळी प्लास्टिक शीटही चालते, पण पावसाळ्यात आत सगळं घामेजून जातं आणि पानांवर ठिपके पडायला लागतात, मी तर कापडच सांगीन. पावसासाठी त्याच्या वर हातभर अंतर सोडून वेगळी ताडपत्री बांध, कापड भिजलं की एवढं जड होतं की सांगाडाच बसतो.

वेळ संध्याकाळी ६ ते सकाळी ८. चौदा तास. साडेसहा ते साडेआठ केलंस तरी चालेल, पण जे ठरवशील ते रोज, अगदी रोज, ढग असले तरी. ढगाळ संध्याकाळ माणसाला अंधारी वाटते, झाडाला तो दिवसच असतो. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, कापड कुठलं आणि बांबू कुठला याच्यापेक्षा रोजची वेळ पाळणारं माणूस घरात आहे का. तू कामावरून उशिरा येतोस तर संध्याकाळचं काम काकूंना किंवा वहिनींना सांग, सकाळचं तू कर. एखादी रात्र चुकली तर आभाळ कोसळत नाही, फुलं थोडी लांबतात, पण ओळीने तीन-चार रात्री चुकल्या तर कळ्या अर्धवट अडकून बसतात, धड उमलत नाहीत धड पानंही होत नाहीत, फार वाईट दिसतं ते.

आणि तुझ्या गच्चीसमोरचा तो एलईडीचा खांब! त्याचा विचार आधी कर. चांदण्याची काळजी नको, पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो, त्याने काही होत नाही. पण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जवळ असेल तर पुरतो रात्र मोडायला. पांढऱ्या एलईडीत लाल रंगही असतो आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल उजेडावरच झाडाचं फायटोक्रोम, म्हणजे पानातलं उजेड ओळखणारं प्रथिन, जागं होतं. तपासायची सोपी पद्धत सांगतो, संध्याकाळी ६ ला उजेड असतानाच कापड लाव, आत बस, पाच मिनिटं डोळे सरावू देत आणि हातात पेपर धर, हेडलाईन वाचता आली तर उजेड जास्त येतोय, कुठून येतो ते बघ आणि तिथे बुजव. रात्री झाडं बघायला मोबाईलचा टॉर्च घेऊन आत शिरायचं नाही, मुलांनाही सांगून ठेव.

उष्णतेचं एक लक्षात ठेव, काळ्या कापडाखाली हवा कोंडते. म्हणूनच हे एप्रिल-मेच्या उन्हात मी तुला सुरू करू देत नाहीये, रात्र कितीही लांब दिली तरी फार उष्मा असला की शेवंती कळी लांबवते. जुलैत आपल्याकडे रात्री बावीस-तेवीस डिग्रीवर असतात, पाऊस असतो, शेवंतीला ते मानवतं. तरी एखादी संध्याकाळ फारच उकडली तर आठनंतर पूर्ण काळोख पडला की कापडाची खालची बाजू थोडी उचलून हवा खेळू दे आणि पहाटे पाचच्या आधी परत सोड, पण हे खांबाचा उजेड पोचत नाही त्या बाजूलाच.

पाणी सकाळी कापड काढल्यावरच, संध्याकाळी पानं ओली ठेवून झाकायचं नाही. मावा आणि फुलकिडे झाकलेल्या झाडांवर पटकन वाढतात, दर आठवड्याला पानं उलटी करून बघत जा, दिसले की निंबोळी अर्क. अंधार सुरू केला की शेणखताचा मारा थांबव, नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. साधारण तीन आठवड्यांनी शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी बटणं दिसायला लागतील, हिरवी, गच्च. तेव्हा कापड काढायचा मोह होतो, काढू नकोस. कळीला रंग दिसेपर्यंत रोज झाकायचं. रंग दिसला की मग उघडं ठेव, रात्रीही मोकळं.

आपल्या पुण्यात केंद्र सरकारचं पुष्प संशोधन संचालनालय आहे, जातींबद्दल शंका असली तर तिथल्या लोकांना विचारता येतं, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात तर जाऊच, कुंडीतली शेवंती काय असते ते तिथे बघायचं.

मला एवढंच कळव की तुझ्याकडच्या काश्या कुठल्या, झिप्री आहे, राजा आहे, की सोनाली तारा, का कुणाच्या तरी घरून आणलेली बिननावाची पांढरी. नाव माहीत नसेल तर गेल्या वर्षी पहिलं फूल कधी उमललं होतं ते काकूंना विचार, त्यांना बरोबर आठवत असेल. जी लवकर आली होती ती मागून आत घालायची आणि जी उशिरा आली ती जूनच्या शेवटीच, त्यावरून कुंड्यांचे गट पाडू. येत्या रविवारी मी रविवार पेठेत जाणार आहे, गच्चीवर जेवढ्या कुंड्या आत घालणार तेवढ्या जागेचं माप टेपने घेऊन शनिवारपर्यंत पाठव, लांबी, रुंदी आणि सगळ्यात उंच झाडाची उंची, कापड मी घेऊन ठेवतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
आप्पा