गॅसवर मिसिंग मारणाऱ्या गाडीत दोष गॅसचाच असतो असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा, वाई आणि कोरेगाव परिसरात शाळेची मुले ने-आण करणाऱ्या, दूध आणि भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या ओम्नी व्हॅन आजही दिसतात आणि त्यांतल्या पुष्कळशा पेट्रोलबरोबर एलपीजीवरही चालतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी आता वयाने जुनीच आहे. अशी गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन मधूनमधून पेटेनासे झाले, उभ्या उभ्या थरथरू लागली किंवा चढाला धक्के खाऊ लागली की गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो इंजिनला जाणारा गॅस कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूकडे. स्क्रू फिरवून भागले नाही तर रिड्युसर (टाकीतून आलेल्या द्रव गॅसची वाफ करून दाब उतरवणारा भाग) बदलायला सांगतात आणि त्यानेही भागले नाही तर गॅसचे सगळे किटच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. गाडी पेट्रोलवर गुळगुळीत चालते आणि गॅसवरच अडखळते, तेव्हा दोष गॅसच्या बाजूला असणार, हा यामागचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. माझ्या गॅरेजच्या अनुभवावरून मला तो अपुरा वाटतो, आणि त्यापायी गाडीवर पोट असलेल्या माणसांचे पैसे वाया जातात, म्हणून हे पत्र.

एलपीजी आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यासाठी पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे हे व्होल्टेज तयार करणारी कॉइल थकलेली असेल, प्लगची वायर आतून तुटत आली असेल, प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक तडा गेला असेल किंवा प्लगचा गॅप झिजून वाढला असेल, तर प्लगला मिळणारा करंट पेट्रोलला कसाबसा पुरतो आणि गॅसला अपुरा पडतो. म्हणजे दोष विजेच्या बाजूचा असूनही तो फक्त गॅसवरच जाणवतो आणि सगळ्यांची खात्री पटते की किट बिघडले. त्यातही सिलेंडरमधला दाब वाढला की ठिणगीला आणखी जोर लागतो. पोवई नाक्यावर सिग्नलला शांत उभी राहणारी गाडी यवतेश्वरच्या घाटात किंवा वाईहून पसरणी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच धक्के देऊ लागली, तर माझा पहिला संशय प्लग आणि वायरवर असतो. अशा वेळी गॅसचा स्क्रू उघडून मिश्रण घट्ट केले, म्हणजे त्यात गॅस वाढवला, की धक्के थोडे कमी होतात, पण गॅस जास्त जळू लागतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. रात्री अंधारात, मोकळ्या जागी, गॅसचा वास येत नाही याची खात्री करून आणि टाकीचा कॉक बंद ठेवून, गाडी पेट्रोलवर सुरू करावी व सीट उचलून पाहावे. वायरवर किंवा कॅपवर निळसर ठिणग्या तडतडताना दिसल्या तर करंट प्लगपर्यंत पोचण्याआधीच गळतो आहे, हे डोळ्यांनी कळते. प्लग काढून फीलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजावा आणि गॅसवर जास्त चालणाऱ्या गाडीत तो पेट्रोलसाठी सांगितलेल्या मापापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी ठेवावा. एवढे केल्याशिवाय रिड्युसरला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिश्रण पातळ आणि ठिणगी कमजोर अशी जोडी जमली की मिक्सर पद्धतीच्या, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतच गॅस मिसळणाऱ्या किटमध्ये बॅकफायर होतो, मिश्रण सिलेंडरबाहेरच भडकते आणि एअर फिल्टरचा डबा फुटू शकतो, म्हणून ही तपासणी लांबवणे धोक्याचेही आहे.

करंटची बाजू निर्दोष ठरली तरच गॅसकडे वळावे, आणि तिथेही आधी पाणी पाहावे. रिड्युसरमध्ये द्रवरूप गॅसची वाफ होते, तिला उष्णता लागते आणि ती इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते. रेडिएटरमधले पाणी कमी झाले, किंवा किट बसवताना रिड्युसर पाण्याच्या पातळीपेक्षा उंच लावला आणि पाइपात हवा अडकली, तर रिड्युसर थंड पडतो. डिसेंबर-जानेवारीत पाचगणी किंवा महाबळेश्वरच्या सकाळी त्याच्या अंगावर पांढरे हिव जमलेले मी पाहिले आहे. अशा गाडीत नवा रिड्युसर बसवला तरी तो तसाच गोठेल. इंजिन तापल्यावर रिड्युसरला जाणारा आणि येणारा, दोन्ही पाइप हाताला गरम लागले पाहिजेत, एवढी साधी ही परीक्षा आहे. त्यानंतर तळाचा ड्रेन प्लग उघडून साचलेले काळपट, चिकट तेल काढावे, एअर फिल्टर साफ करावा आणि गॅसचा फिल्टर बदलावा. रिड्युसरमधला रबरी पडदा, डायाफ्राम, कडक झाला असेल तर तो बदलावाच लागतो. तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे मिक्सरमधून जादा गॅस ओढला जातो, हेही कित्येकदा स्क्रू पिळून लपवले जाते.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा सोलेनॉइड, म्हणजे पेट्रोल अडवणारी विजेवरची झडप, नीट बंद होत नसेल, तर गॅसवर चालतानाही पेट्रोल झिरपत राहते आणि गाडी दोन्ही इंधने एकदम पिऊन घुसमटते. इंजेक्शनच्या गाडीत गोष्ट आणखी फसवी होते. गॅसच्या कॉम्प्युटरचे सेटिंग चुकले की गाडीचा मूळ कॉम्प्युटर त्या चुकीशी जुळवून घेत जातो, आणि मग पेट्रोलवर टाकल्यावरही गाडी अडखळते. तेव्हा दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास आहे म्हणून किट निर्दोष, असेही समजू नये.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतल्या बारीक गॅपबद्दल, मालकांनी विशेष जागरूक असावे. सतत गॅसवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप हळूहळू संपतो. गॅप वाढला तर टकटक ऐकू येते, पण तो कमी झाला तर इंजिन उलट शांत होते आणि मालकाला वाटते, गाडी सुधारली. पुढे व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, कॉम्प्रेशन गळते आणि गाडी स्लो स्पीडला थरथरू लागते. वेळेवर टॅपेट सेट केले असते तर जे काम थोडक्यात झाले असते, त्यासाठी हेड उतरवावे लागते.

घरगुती सिलेंडरमधला गॅस गाडीत भरण्याचा प्रकार कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय गाडीच्या टाकीत द्रव गॅस ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा असतो, ती मर्यादा उघड्यावर मोटर लावून भरताना सांभाळली जाईल याची हमी कोण देणार? अशा भरण्याच्या नळ्यांतून येणारी घाणही शेवटी रिड्युसरमध्येच जाऊन बसते. मुलांनी भरलेल्या व्हॅनच्या बाबतीत तर याला कोणतीही सबब चालू नये.

माझ्या दोन मागण्या आहेत. किट बसवणाऱ्या केंद्रांनी प्लगचा गॅप, टॅपेटचे माप, फिल्टर बदलण्याची मुदत आणि रिड्युसरची मूळ सेटिंग लिहिलेले कार्ड गाडीमालकाला द्यावे, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाजाने स्क्रू फिरवावा लागणार नाही. तसेच सातारा आणि कराड येथील परिवहन कार्यालयांनी शालेय व्हॅनच्या पासिंगच्या (योग्यता तपासणीच्या) वेळी गाडी दोन्ही इंधनांवर, भार देऊन चालवून पाहावी. नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत ही तपासणी उरकणे सोयीचे होईल.

आपला,
एक गॅरेज व्यावसायिक, सातारा